घरच्या घरी वेब सर्व्हर उभा करायचाय : कुठले पार्ट घ्यावेत?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची आणि जुन्या पुस्तकांचे स्कॅन सध्या भाड्याच्या होस्टिंगवर आहेत. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं होऊन गेली, म्हणजे स्वामित्वहक्क संपला, अशीच पुस्तकं घेतली आहेत. स्कॅन वाढत वाढत ४०० जीबीच्या पुढे गेले आणि जागेचं भाडं वाचनालयाला झेपेनासं झालं. म्हणून सर्व्हर माझ्या घरी ठेवायचं कार्यकारिणीत ठरलंय. लिनक्सची ओळख आहे, साइट मीच सांभाळतो. अडतंय ते हार्डवेअरपाशी.

खर्च जास्तीत जास्त २५ हजार. समोर तीन पर्याय आहेत. एका ओळखीच्यांकडे डेलचा जुना रॅक सर्व्हर आहे, आर७२०, दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, अगदी कमी भावात देतायत. दुसरा पर्याय नवीन असेंबल्ड पीसी: रायझन ५ प्रोसेसर, ५०० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), कॅबिनेट वगैरे. तिसरा रास्पबेरी पाय ५, म्हणजे एकाच पाटीवरचा छोटा संगणक. रोज दोन-तीनशे वाचक येतात, साइट वर्डप्रेसवर आहे. लाइटचं म्हणाल तर पावसाळ्यात कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही.

काय घेऊ?

कोष्टक (डोंबिवली)

प्रोसेसर बघायच्या आधी विजेचा हिशोब मांडा. १ वॉट वर्षभर चोवीस तास चालला की ८.७६ युनिट होतात. आर७२० नुसता बसून राहिला तरी १००-१२० वॉट खातो. १२० धरले तर महिन्याला ८६ युनिट, वर्षाला हजारावर. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर एकदम वर जातो, म्हणजे हे ८६ युनिट तुमच्या घरच्या वापराच्या डोक्यावर बसणार आणि वरच्या दरानेच लागणार. १० रुपये युनिट धरलं तरी वर्षाला साडेदहा हजार. फुकट दिला तरी घेऊ नका.

तेच काम १२ वॉटच्या यंत्राने केलं तर वर्षाला १०५ युनिट, साधारण हजार रुपये.

जुनंतेसोनं

कोष्टक यांचा हिशोब बरोबर आहे, पण रॅक सर्व्हरची बाजूही मांडतो. ईसीसी रॅम (आपली चूक आपणच पकडून सुधारणारी), दोन एसएमपीएस, चालू असताना बदलता येणाऱ्या डिस्क आणि आयड्रॅक. हे शेवटचं फार मोलाचं. मशीन बूट होत नसेल तरी दुसऱ्या गावाहून स्क्रीन बघता येतो, बायॉसमध्ये शिरता येतं. २०१२ साली आलेलं मॉडेल असलं तरी बांधणी अशी आहे की अजून काही वर्षं सहज जातील. कार्यालयात जागा असेल, वीज वेगळ्या खात्यातून जात असेल तर मी आजही हेच घेईन.

घरात मात्र पंख्यांचा आवाज सहन होणार नाही. शेजारच्या खोलीत झोपता येत नाही.

बिनतारी (पुणे)

वाशिष्ठीकाठ, रोज दोन-तीनशे वाचक म्हणजे कुठल्याही आजच्या प्रोसेसरला काहीच नाही. वर्डप्रेसवर कॅशिंग नीट लावलं की बहुतेक पानं तयार फाइलसारखी जातात आणि प्रोसेसर दिवसभर बसून असतो. म्हणून प्रोसेसर माझ्या यादीत शेवटी येतो.

तुमचं आधी अडेल ते लाइनच्या अपलोडवर. २०० पानांच्या पुस्तकाची पीडीएफ १०० एमबी धरा. अपलोड ५० एमबीपीएस असेल तर एका वाचकाला ती देताना लाइन १६ सेकंद पूर्ण भरलेली राहते. चार जणांनी एकदम मागितली तर प्रत्येकाला मिनिटभर थांबावं लागेल, मग आत झिऑन असो की पाय. त्यानंतर डिस्क, कारण डेटाबेस प्रत्येक नोंद पक्की होईपर्यंत थांबतो आणि फिरत्या हार्डडिस्कवर ते थांबणं जाणवतं. मग रॅम. वर्डप्रेस चालवणाऱ्या पीएचपीची एकेक प्रक्रिया ५०-६० एमबी खाते, वर मारियाडीबी हा डेटाबेस. ८ जीबीत भागतं, १६ असली तर चिंता नाही.

असेंबल्ड पीसीवर फुली मारा. ५०० वॉटचा एसएमपीएस २० वॉटच्या भाराला म्हणजे ४ टक्क्यांवर चालतो. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या बिल्ल्याची नेहमीची चाचणीच मुळी २० टक्के भारापासून सुरू होते. त्याच्या खाली कार्यक्षमता कशी घसरते ते खोक्यावरच्या बिल्ल्यावरून कळत नाही.

माझं मत: कंपन्यांच्या लीजवरून परत आलेला छोटा पीसी घ्या. लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, तिघांत फार फरक नाही. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं ऑफिसांमधून बाहेर पडतायत. डेबियन लिनक्सला त्याचं काही सोयरसुतक नाही. आय५-६५००टी किंवा ७५००टी मिळाला तरी तुमचं काम होईल. आठव्या पिढीचा ८५००टी वाजवी भावात मिळाला तर उत्तमच, सहा कोअर येतात. रिकामा असताना असा डबा १० वॉटच्या आसपास राहतो.

स्वल्पविराम

वाचते आहे. मलाही असंच काही करायचंय. बिनतारी, तुम्ही पायचं नाव सुद्धा घेतलं नाहीत. तो तर ३-४ वॉटच खातो ना? आणि एन१०० वाले नवीन मिनी पीसी कसे?

बिनतारी (पुणे)

स्वल्पविराम, पाय ५ चांगला आहे, पण बेरीज करून बघा. नुसता बोर्ड घेऊन भागत नाही. डबा, पंख्याचा हीटसिंक, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) लावायला वेगळी पाटी, शिवाय त्याचा स्वतःचा ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. फोनचे बहुतेक चार्जर ५ व्होल्टला ३ अँपिअरच देतात आणि तसा लावला की पाय यूएसबीला जाणारा प्रवाह ६०० मिलिअँपिअरवर आणतो. मग यूएसबीची डिस्क मधेच गळते आणि माणूस डिस्कला दोष देत बसतो. एसडी कार्डावर डेटाबेस तर ठेवूच नये, सतत लिहिण्यासाठी ती बनलेलीच नाहीत. सगळं धरून खर्च सेकंडहँड मायक्रोच्या जवळ जातो. सौर पॅनलवर चालवायचं असेल, तिथे वॉट वॉट मोजावा लागत असेल, तर मात्र पायच.

एन१०० जानेवारी २०२३ मध्ये आला. चार कोअर, ६ वॉटचा टीडीपी (चिपच्या उष्णतेचा आकडा), रॅमचा एकच चॅनेल, इंटेलच्या कागदावर कमाल १६ जीबी. वेब सर्व्हरसाठी उत्तम चिप. अडचण चिपची नसते, ती ज्या डब्यात येते त्याची असते. बरेच डबे अनोळखी नावांनी विकले जातात, बायॉसची सुधारणा कुठून घ्यायची ते कळत नाही, अडॅप्टर गेला तर तसाच मिळेल याची खात्री नसते. ऑप्टिप्लेक्सचा अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत कधीही मिळतो. फक्त डेलचा घेताना अस्सल घ्या. त्याच्या पिनेतून मशीन अडॅप्टरची ओळख विचारतं आणि उत्तर मिळालं नाही तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतं. साइट विनाकारण रेंगाळते आणि कारण दिवसेंदिवस सापडत नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

फार उपयोगाची माहिती, आभार. रॅक सर्व्हरचा नाद सोडला. लाइन फायबरची आहे, १०० वर १०० खाली. पण राउटरच्या पानावर आमचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि बाहेरच्या साइटवर बघितला तर वेगळाच दिसतो. हे कसं काय?

बिनतारी (पुणे)

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सीजीनॅटसाठी राखलेले आहेत. म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे तुम्ही आणि आणखी कितीतरी गिऱ्हाइकं आहात. राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही, बाहेरचा माणूस तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा, आणि मागताना घरच्या प्लॅनवर सर्व्हर चालवायला त्यांच्या अटींत परवानगी आहे का तेही वाचा. नाही जमलं तर क्लाउडफ्लेअरचा टनेल, किंवा अगदी लहान व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन तिथून घरापर्यंत वायरगार्डचा खाजगी टनेल. टनेल आतून बाहेर उघडतो, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही. पुस्तकांच्या मोठ्या फाइली जाणार आहेत म्हणून मी व्हीपीएसच्या बाजूने आहे, तिथे महिन्याला किती डेटा मिळतो ते आधी बघा.

हार्डवेअर विकत घ्यायच्या आधी हे काम उरका. लाइनच जमली नाही तर बाकी खरेदी वाया.

दूरदेशी (जर्मनी)

इथे वीज भारताहून बरीच महाग, त्यामुळे घरच्या सर्व्हरचं बोलणं वॉटपासूनच सुरू होतं. कोष्टकांशी पूर्ण सहमत. मी डिस्कवर बोलतो.

१ टीबीची एसएसडी घ्या आणि घेताना दोन गोष्टी बघा: टीएलसी आहे की क्यूएलसी (टीएलसी जास्त टिकते), आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टीबी लिहिण्याची हमी, किती. सॅमसंगच्या ८७० इव्होला १ टीबीत ६०० टीबीडब्ल्यू आहे. तुमच्या कामाला ते पुरून उरतं, ग्रंथसूचीत रोज किती लिहिलं जाणार? ज्यांच्या माहितीपत्रकात हा आकडाच नसतो त्या बाजूला ठेवा. लाइट सारखी जात असेल तर वापरलेली एंटरप्राइझ साटा एसएसडीही शोधा, सॅमसंग पीएम८८३ किंवा इंटेलची एस४५१० सारखी. त्यांच्या आत कपॅसिटर असतात. वीज तुटली की त्या साठ्यावर हातातलं लिखाण पुरं करून मगच ड्राइव्ह बंद होतो.

बॅकअपसाठी हार्डडिस्क घ्यायची तर सीएमआर (पट्टे शेजारी शेजारी) की एसएमआर ते विचारून घ्या. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. वाचायला ठीक, पण मधलं काही बदलायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, आणि गाजावाजा झाल्यावर सीएमआरसाठी रेड प्लस असं वेगळं नाव आलं. तुम्ही रात्री एकदा नकल घेणार असाल तर एसएमआरही चालेल. RAID मध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून) किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमखाली लावणार असाल तर मुळीच नको.

आणि सेकंडहँड डिस्क मिळाली की आधी स्मार्टसीटीएल हा डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवा. ५, १९७ आणि १९८ या खराब जागांच्या नोंदी शून्य हव्यात. डिस्क किती तास चालली ते बघा, ८,७६० म्हणजे एक वर्ष. पण तासांवर डोळे मिटून विश्वास नको. २०२५ च्या सुरुवातीला इथल्या बाजारात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क काही विक्रेत्यांनी तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. पकडल्या गेल्या त्या फार्म नावाच्या आतल्या नोंदीमुळे. ती पुसलेली नव्हती. नव्या स्मार्टसीटीएलमध्ये ती वाचता येते.

जुनंतेसोनं

आणि ईसीसी? स्कॅन पिढ्यान्‌पिढ्या टिकावेत अशी इच्छा असेल तर हा मुद्दा सोडू नये.

दूरदेशी (जर्मनी)

मुद्दा रास्त आहे. पण या छोट्या डब्यांत ईसीसी चालत नाही. आय३-९१०० ला सी२४६ चिपसेटचा बोर्ड लागतो, बाराव्या पिढीला डब्ल्यू६८०. २५ हजारांत ते बसवणं कठीण, भारतात असे बोर्ड मिळवणंही कठीण. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले आहेत. माझ्या मते मूळ स्कॅनची चेकसम (फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा) एकदा काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा ताडून बघावी. फाइली एकदा चढल्या की बदलत नाहीत, म्हणून हे जमतं. बिघडलेली फाइल सापडेल आणि दुसऱ्या प्रतीतून परत घेता येईल.

फेज न्यूट्रल (सावंतवाडी)

मी वायरमनच्या बाजूने लिहितो. कोकणात सर्व्हर मरतो तो वळवाच्या विजेने, नाहीतर सैल न्यूट्रलने.

पहिलं काम: सर्व्हरच्या सॉकेटला न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा. अर्थिंग धड नसेल तर सर्ज प्रोटेक्टर नुसता एक्स्टेंशन बोर्ड उरतो.

दुसरं: फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही असं लोक म्हणतात. काच वाहत नाही हे खरं, पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये भार पेलायला पोलादी तार असते. घरात शिरायच्या आधी, बाहेरच्या भिंतीवर, ती तार सोलून वेगळी करून हुकाला बांधायची आणि आत फक्त फायबर न्यायची. पुष्कळ घरांत ती तशीच ओएनटीपर्यंत (फायबर जिथे जोडतात त्या घरातल्या डब्यापर्यंत) आणलेली दिसते. आजच जाऊन बघा. आणि दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढू नका.

तिसरं, यूपीएस. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, कागदावर ८४ वॉट-तास. सर्व्हर, राउटर, ओएनटी मिळून २५ वॉट झाले तर नवी बॅटरी तास-दीड तास धरेल. उन्हाळे काढता काढता दोन-तीन वर्षांत ती थकते. विकत घेताना मागे यूएसबी पोर्ट आहे ना ते बघा, स्वस्तातल्यांना नसतो. तो असला की एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला सांगतं आणि तो रीतसर बंद होतो.

घरी इन्व्हर्टर आहे का? कुठला?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आहे, १५० एएचच्या बॅटरीवर. प्युअर साइन नाही, जुना आहे. मागे यूपीएस आणि इको असं बटण आहे.

पोलादी तार बघितली, थेट टीव्हीच्या मागच्या ओएनटीपर्यंत आलेली आहे. उद्याच माणूस बोलावतो.

फेज न्यूट्रल (सावंतवाडी)

बटण यूपीएसवर ठेवा. इकोमध्ये अदलाबदलीला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो. प्युअर साइन नसलेल्या इन्व्हर्टरच्या स्क्वेअर वेव्हवर पीएफसीवाले (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेले) मोठे एसएमपीएस कधी कधी कुरकुर करतात. ६५ वॉटच्या अडॅप्टरांत सहसा पीएफसी नसतं, त्यामुळे छोटा पीसी घ्यायला इथेही बळकटी मिळते. इन्व्हर्टर आहेच, तर वेगळा यूपीएस मोठा नको. मधला झटका झेलण्यापुरता आणि एनयूटीला खबर देण्यापुरता पुरे. मात्र इन्व्हर्टरच्या स्क्वेअर वेव्हवर तो नीट चालतो का, हे दुकानदाराकडून आधी वदवून घ्या. काही यूपीएस तसली वीज घेतच नाहीत आणि बॅटरीवरच बसून राहतात.

वऱ्हाडी ऊन (अकोला)

आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे जातं, तरी असला छोटा डबा खोलीत एसी नसताना चालतो. पंखा आणि हीटसिंकमधली धूळ काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला, आणि आतली डिस्क एसएसडीच ठेवा. बहुतेक हार्डडिस्क ६० अंशांच्या पुढे चालवायच्या नसतात आणि आमच्या खोलीचं तापमानच निम्म्याहून पुढे सुरू होतं.

लाकडी कपाटात दार लावून ठेवू नका.

फेज न्यूट्रल (सावंतवाडी)

कोकणात उलट ओल बघावी लागते. सतत चालू असलेला डबा स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. आठवडाभर बंद ठेवलेल्यावरच ओल धरते, म्हणून पावसाळ्यात बंद करून ठेवायची वेळ आलीच तर सिलिका जेलसकट हवाबंद पिशवीत ठेवा. भिंतीला छातीच्या उंचीवर ब्रॅकेटने टांगा. जमिनीलगत ठेवला की पाली आत शिरतात, पॉवर सप्लायची ऊब त्यांना आवडते आणि शॉर्ट होतो.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सगळ्यांचं वाचून ठरवलेलं लिहितो, बघा कुठे चुकतंय का. आठव्या पिढीचा सेकंडहँड मायक्रो, १६ जीबी रॅम. ओएससाठी त्याच्यासोबत येणारा २५६ जीबीचा एनव्हीएमई, पुस्तकांसाठी १ टीबीची साटा एसएसडी. यूएसबी पोर्ट असलेला लहान यूपीएस. बॅकअपला यूएसबीची २ टीबी हार्डडिस्क, रात्री एकदा. स्टॅटिक आयपी देतो म्हणाले आहेत, पैसे वेगळे. सर्व्हर पहिल्या मजल्यावर.

बिनतारी (पुणे)

यादी छान आहे. घेताना २.५ इंची साटा डिस्कचा कॅडी (बसवायची चौकट) आणि त्याची केबल आत आहे ना ते उघडून बघा. लीजवरून आलेल्या यंत्रांत ती हमखास गायब असते.

डबा घरी आला की सगळ्यात आधी सीआर२०३२ चा सेल बदला. जुन्या मशीनमध्ये तो मेलेला असतो आणि त्याचा परिणाम लगेच लक्षात येत नाही. तुम्ही बायॉसमध्ये जाऊन वीज आल्यावर आपोआप सुरू हो असं सांगता, डेलमध्ये त्याला एसी रिकव्हरी म्हणतात, लेनोव्होत आफ्टर पॉवर लॉस. सेल मेला असेल तर लाइट जाताच ही सेटिंग पुसली जाऊ शकते, लाइट परत आली की डबा तसाच बंद पडून राहतो. सुरू झालाच तर घड्याळ मागे गेलेलं, आणि घड्याळ चुकलं की प्रमाणपत्रांची तपासणी फसते, टनेल जोडला जात नाही.

मग कीबोर्ड आणि मॉनिटर काढून टाका, सर्व्हर चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि मोबाइल डेटावरून साइट उघडते का बघा. कीबोर्ड नाही म्हणून अडून बसणारी यंत्रं इथेच कळतात. राउटरला लाइन धरायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर सर्व्हर वर आलेला असतो, त्यामुळे सगळ्या सेवा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतील अशा लावा. पुस्तकं चढवायच्या आधी हे दोन-चार वेळा करा. मी कुठलाही सर्व्हर याच परीक्षेवर पारखतो. लाइट आली की कुणाचा हात न लागता तो परत उभा राहिला पाहिजे.

दूरदेशी (जर्मनी)

बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच शेजारी? जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर विसरू नका.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

विसरणं शक्य नाही. गावात पाणी कुठवर चढलं होतं ते डोळ्यांसमोर आहे, म्हणूनच सर्व्हर पहिल्या मजल्यावर घेतला. एक प्रत गावाबाहेर हवी हे खरं. ४०० जीबी दर महिन्याला क्लाउडला द्यायचे तर पुन्हा भाडं आलंच.

बिनतारी (पुणे)

क्लाउड कशाला? दुसरी २ टीबी डिस्क घ्या, पहिली प्रत घरीच भरून कुरिअरने इकडे पाठवा. माझ्याकडे चोवीस तास चालू असलेला डबा आहे, त्याला लावून ठेवतो. पुढे रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम रात्री फक्त नवीन भाग पाठवेल, तेही कुलूपबंद, किल्ली तुमच्यापाशीच. आठवड्याला चार-दोन पुस्तकं चढत असतील तर तुमच्या लाइनवर कळणारही नाही.

पत्त्यासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मनापासून आभार. व्यनि केला आहे.

स्वल्पविराम

बिनतारी, रेस्टिकचं थोडं सविस्तर लिहाल का? रोज रात्री चालवायची टाइमर फाइल कशी असते तेवढं जरी दिलंत तरी चालेल.